हाताचा घोडा

पहिल्या दुकानात एकूण एकतीस प्राणी होते: अकरा घोडे, नऊ हत्ती, सात कासवं, तीन उंट आणि गल्ल्यावर बसलेले मालक. मालकांना प्राण्यांत धरलं ते शास्त्राप्रमाणे, अपमानाचा हेतू नव्हता. हत्ती, कासवं आणि उंट आम्हाला नको होते. मालकही नको होते, पण ते घोड्यांबरोबरच येत होते.

आम्हाला हवा होता एक घोडा. लाकडी, हातात मावेल एवढा आणि हाताने केलेला. यातल्या शेवटच्या अटीवर माझ्या दादाचं लग्न अडलं होतं.

म्हणजे लग्न ठरलेलं होतं. दादाने आणि होणाऱ्या वहिनीने ते केव्हाच ठरवून टाकलं होतं. तारीख तेवढी राहिली होती, आणि ती वहिनीच्या वडिलांच्या हातात होती. या गृहस्थांना आमच्या घरात खासगीत ‘दुर्बीण’ म्हणतात. नोकरीत ते काय तपासायचे हे मला अजून नीट कळलेलं नाही, पण निवृत्त झाल्यापासून ते सगळंच तपासतात. पहिल्या भेटीत आईने त्यांना एक फुलदाणी दिली आणि उत्साहाच्या भरात ‘हाताने केलेली आहे हं’ असं म्हणून गेली. त्यांनी फुलदाणी पालथी केली, बुडापासून वर गेलेली एक बारीक रेघ नखाने चाचपली आणि म्हणाले, “साच्यातली आहे. असू दे. भावना महत्त्वाची.”

कोणी भावना महत्त्वाची म्हटलं की वस्तू गेली असं समजावं, असं आईचं मत आहे. बाबा फुलदाणीपेक्षा लाल झाले आणि कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाले, “पुढच्या वेळी हाताचंच आणतो. माझा शब्द आहे.”

“वा,” दुर्बीण म्हणाले. “मग तारखेचंही पुढच्या वेळीच बोलू.”

दादाने तेव्हा बाबांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मोजायला अजून एकक निघालेलं नाही.

म्हणून आम्ही या शहरात आलो होतो. इथला घोडा प्रसिद्ध आहे. स्टेशनच्या भिंतीवर घोडा, बसच्या पाठीवर घोडा, आमच्या हॉटेलच्या टॉवेलवर घोडा. चार पायांवर उभा असलेला खराखुरा घोडा मात्र मला कुठे दिसला नाही. दादाला रजा मिळाली नव्हती. त्यामुळे त्याच्या लग्नासाठी आई, बाबा आणि मी अशी तिघं राबत होतो, आणि चौथ्या आमच्या समोरच्या काकू, फोनवरून. काकू या शहरात एकदा आल्या होत्या, आणि तेव्हापासून त्या इथल्याबद्दल अधिकाराने बोलतात.

“हाताचे आहेत का हे?” बाबांनी मालकांना विचारलं.

“शंभर टक्के हाताचे.”

“मशीन अजिबात नाही?”

“मशीन आमच्या घराण्यात कुणी पाहिलेलं नाही,” मालक म्हणाले आणि त्यांनी मोबाइलवर आलेला फोन कापला.

तेवढ्यात आमचा फोन वाजला. आईने तो स्पीकरवर टाकला, कारण काकूंचं बोलणं एकटीने ऐकणं तिला झेपत नाही.

“घोडं कुठे पेंड खातंय?” काकूंनी विचारलं.

“अजून दुकानातच आहे,” आई म्हणाली.

“कितव्या दुकानात?”

“पहिल्याच.”

“पहिल्या दुकानात कधीच घेऊ नये. आणि शेवटच्या दुकानात तर मुळीच नाही.”

“मग मधल्या?”

“मधली दुकानं पहिल्यावाल्याचीच असतात. तू असं कर, घोड्याच्या कानात बघ. हाताचा असेल तर कान आतून खडबडीत असतो. मशीनचा कान गुळगुळीत.”

बाबांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि ओळीने घोड्यांच्या कानांत बघायला सुरुवात केली. मालक आधी बघत राहिले, मग कानांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे नकळत आपला कान चोळू लागले. पहिल्या घोड्याचा कान आतून खडबडीत निघाला. दुसऱ्याचा एक खडबडीत, एक गुळगुळीत. “म्हणजे हा अर्धा हाताचा,” आई म्हणाली.

इथे मला राहवलं नाही. मी पदार्थविज्ञानात एमएस्सी केलं आहे आणि एका कारखान्याच्या तपासणी विभागात दिवसभर बोल्ट मोजते. त्यामुळे माझ्या पर्समध्ये कंगवा एखादे वेळी नसेल, पण व्हर्नियर असतो. व्हर्नियर म्हणजे दोन जबड्यांची मोजपट्टी. वस्तू जबड्यात धरायची आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माप वाचायचं. माझा विचार सरळ होता. मशीनला कंटाळा येत नाही, म्हणून त्याचे सगळे घोडे सारखे असणार. माणसाला कंटाळा येतो, शिंक येते, मधेच बायकोची हाक येते, म्हणून त्याचे घोडे कमीजास्त होणार. मग कानात डोकावायचं कशाला? लांब्या मोजाव्यात. फरक जास्त तर हात, फरक कमी तर मशीन.

अजूनही मला या विचारात चूक दाखवता येत नाही, हे मुद्दाम नोंदवते.

मी अकराही घोडे नाकापासून शेपटीपर्यंत मोजले. सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब घोड्यात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. आमच्या कारखान्यातले बोल्ट इतके शिस्तीत नसतात.

“मशीनचे आहेत,” मी बाबांच्या कानात सांगितलं. बाबांच्या कानात सांगितलेलं सगळ्या दुकानाला ऐकू जातं, कारण ते “काय?” असं विचारतात.

“काय?”

“मशीनचे आहेत म्हणतेय ती,” आई म्हणाली.

मालक उठून उभे राहिले. “बाई, आजवर कुणी आमच्या घोड्याचं माप काढलं नव्हतं.” मराठीत माप काढणं म्हणजे मोजणं, आणि माप काढणं म्हणजे उणंदुणं काढणंही. त्यांनी कोणत्या अर्थाने म्हटलं ते मला कळलं नाही, म्हणून मी दोन्ही अर्थांनी माफी मागितली. आम्ही बाहेर पडताना ते शेजारच्या दुकानदाराला खिडकीतून काहीतरी सांगत होते.

दुसऱ्या दुकानात आम्हाला खुर्च्या मिळाल्या. पर्यटकाला या बाजारात स्टूल मिळतं, खुर्ची मिळत नाही, हे आईच्या चटकन लक्षात आलं. थंड पेयं आली. “मॅडम, सावकाश मोजा,” असं दुकानदार म्हणाला, आणि मी अजून पर्सला हातही लावला नव्हता. त्याचे घोडेही एकसारखे निघाले. मी काही बोलले नाही, फक्त व्हर्नियर मिटला. त्या टक् आवाजासरशी त्या माणसाने कपाळ पुसलं.

तिसऱ्या दुकानात मात्र माझं काळीज हललं. फळीवर नऊ घोडे होते आणि कोणाचा कोणाला मेळ नव्हता. एकाची मान जिराफाकडे झुकलेली. एकाचं पोट खाली टेकलेलं. एकाचा उजवा कान होता, डावा बहुधा व्हायचा होता. सगळ्यात लांब घोडा सगळ्यात आखूड घोड्यापेक्षा पावणेतीन सेंटिमीटरने मोठा भरला. इतका सुंदर फरक मी आयुष्यात पाहिला नव्हता.

“हे हाताचे,” मी म्हणाले.

“याच्यातला कुठला द्यायचा तो सांग,” आई म्हणाली. “हा पोटुशी आहे आणि हा बहिरा.”

तेवढ्यात आतल्या पडद्यामागून कानस चालवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दुकानदाराचा हात पडद्याआडून बाहेर आला आणि त्याने फळीवर दहावा घोडा ठेवला. त्याच्या मागच्या पायावर ताजा भुसा होता.

“हा आत्ताच आला,” गल्ल्यावरचा नोकर म्हणाला.

“कुठून?” बाबांनी विचारलं.

“आतून.”

चौथ्या दुकानाच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी होती: ‘आमचे घोडे एकमेकांसारखे नाहीत’. शाई ओली होती. पाचव्या दुकानात तीन पायांचा घोडा सगळ्यांत पुढे मांडला होता आणि तो बाकीच्यांपेक्षा महाग होता. का, असं विचारलं तर “जास्त हाताचा आहे” असं उत्तर मिळालं. आदल्या दिवसापर्यंत ज्या वाकड्यातिकड्या घोड्यांना माळ्यावर टाकलं होतं, ते सगळे आता धूळ झटकून रस्त्यावर आले होते. बाजाराच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत लंगडे, बुटके आणि एककानी घोडे आमच्याकडे आशेने बघत होते. मी मोजायच्या आधी जे खरं होतं, ते मी मोजल्यामुळे खरं राहिलं नव्हतं. कारखान्यात हा प्रश्न येत नाही. बोल्टला कळत नाही की आपल्याला मोजतायत.

मग आम्हाला शोधत दुकानदार संघाचे सेक्रेटरी आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

“मॅडम, तपासणीची आगाऊ सूचना नव्हती.”

“मी तपासणीला आलेली नाही. आम्ही घोडा घ्यायला आलोय.”

“बरोबर आहे,” ते हळूच म्हणाले. “खरे अधिकारी असंच सांगतात.”

“अहो, ती बोल्ट मोजते,” आई म्हणाली.

“बोल्टही बघणार?” सेक्रेटरींचा चेहरा उतरला.

बाबांनी या वेळी पुढे होऊन खुलासा करायला हवा होता. पण सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना कोणी ‘साहेब’ म्हणत होतं आणि ते घोड्यांकडे पाठ करून, हात मागे बांधून उभे राहिले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा हा उभा राहण्याचा प्रकार बंद पडला होता. त्यांनी सेक्रेटरींना फक्त एवढंच विचारलं, की हाताचं कोणतं आणि मशीनचं कोणतं हे इथे अधिकृतपणे कोण सांगतं?

“पडताळणी केंद्र,” सेक्रेटरी म्हणाले. “तिथे शिक्का मिळतो. ‘अस्सल हस्तकला’. मीच सोडतो तुम्हाला.”

मला हे आधीच सुचायला हवं होतं. सरकारी शिक्का म्हटल्यावर मग दुर्बिणीने कितीही पालथं घालून बघावं. फोनवर काकूंनीही दुजोरा दिला. “शिक्का असेल तर घ्या. पण शिक्का खरा आहे का ते बघा. खरा शिक्का थोडा वाकडा असतो.”

पडताळणी केंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, एक अधिकारी आणि काचेच्या पेटीत एक घोडा.

“हा मूळ नमुना,” अधिकारी म्हणाले. “दुकानदार घोडे आणतात. नमुन्याशी जुळले की आम्ही शिक्का मारतो.”

“किती जुळायला लागतं?” मी विचारलं.

“दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. त्यापलीकडे नाकारतो.”

“म्हणजे सगळे सारखे असले तर हाताचे?”

“सारखे नसले तर ते आमच्या शहराचे कसे म्हणायचे?”

हे उत्तर चूक नव्हतं, पण ते माझ्या प्रश्नाचं नव्हतं.

“पण हाताने केले आहेत हे कशावरून कळतं?”

“शिक्क्यावरून.”

“आणि शिक्का मारायच्या आधी?”

अधिकाऱ्यांनी विचार केला. मनापासून केला, हे मला दिसत होतं. “आधी ते नुसते घोडे असतात,” ते म्हणाले.

बाबांनी शिक्का हातात घेऊन बघितला. “हा तरी हाताचा आहे का?”

“शिक्का मशीनचा आहे. पण मारतो मी हाताने.”

यानंतर अधिकारी माझ्याकडे वळले. बाजारातून एक फोन आला होता म्हणे. कोणीतरी बाई परवानगीशिवाय मोजमाप करत फिरतेय. ते उपकरण दाखवता का? मी अभिमानाने व्हर्नियर टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि पाठीवरचं एक लहान लेबल चष्मा वर करून वाचलं. आमच्या कारखान्यात प्रत्येक व्हर्नियर वर्षातून एकदा तपासून त्यावर नवं लेबल लावतात. हे काम ज्या विभागाचं आहे त्या विभागात मीच बसते.

“मुदत मागच्या महिन्यात संपलीय,” अधिकारी म्हणाले.

काचेतला घोडासुद्धा माझ्याकडे बघतोय असं वाटलं.

“म्हणजे पडताळणी नसलेल्या मापाने,” ते अगदी सौम्यपणे म्हणाले, “तुम्ही आमच्या सगळ्या बाजाराचं माप काढलंत.”

व्हर्नियर त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. जाताना घेऊन जा म्हणाले, आणि आमच्या आधी तेच निघून गेले. (पुढे महिन्याभराने तो टपालाने घरी आला. अधिकाऱ्यांनी व्यवस्थित गुंडाळून पाठवला होता. त्याच्या पाठीवर जुन्या लेबलाच्या जागी नवं लेबल होतं: ‘अस्सल हस्तकला’.)

बाहेर सेक्रेटरी थांबलेच होते. मी अधिकारी नाही हे आता त्यांना कळलं होतं, पण त्यामुळे त्यांना इतकं हलकं वाटत होतं की त्यांनी आम्हाला मोफत सल्ला दिला. “मास्तरांना भेटा. बाजारातले सगळे घोडे त्यांचेच. तेच सांगतील खरं काय ते.”

मास्तरांचा कारखाना एका बोळात पहिल्या मजल्यावर होता. जिन्यात दोन्ही बाजूंना फोटो. फोटोंत पाहुणे बदलत होते, मास्तर आणि घोडा तेच होते. वर मास्तर आरामखुर्चीत बसले होते, फोटोत बसतात तसेच, किंचित डावीकडे वळून.

“पहिल्या दुकानातले ते एकसारखे घोडे तुमचे?” मी विचारलं.

“माझे.”

“अर्धा मिलिमीटरही फरक नाही त्यांच्यात.”

“नसणारच. माझा हात बसलाय.”

“आणि तिसऱ्या दुकानातले? ते सगळे वेगवेगळे?”

“तेही माझे. हात बसायच्या आधीचे.”

“हात बसायला किती वर्षं लागली?”

“मला? मला लागलीच नाहीत,” मास्तर म्हणाले. “पहिल्याच दिवशी बसला.”

मी दोन्ही उत्तरं मनात शेजारी शेजारी ठेवून बघितली. ती एका माणसाने दिली आहेत यावर विश्वास ठेवायचा, तर घोड्यांवरही ठेवायला हरकत नव्हती. त्याच वेळी आतल्या बंद दारामागून घरघर ऐकू आली.

“तो कसला आवाज?” बाबांनी विचारलं.

“पंखा.”

दाराच्या फटीतून भुशाचा एक बारीक लोट बाहेर आला आणि आईच्या पायांशी बसला.

“पंख्यातून भुसा येतो?”

“जुना पंखा आहे,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, मला एकच सांगा,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आता साहेबी उरली नव्हती. “मी एका माणसाला शब्द दिलाय. हाताने केलेलाच घोडा देईन असा. माझ्या मुलाची तारीख त्याच्यावर अडलीय. यातला नक्की हाताचा कुठला?”

“सगळेच. मशीनला हात कोण लावतं? मीच ना?”

बाबा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आईने मला खूण केली, की आता काही बोलू नकोस, आणि स्वतः बोलायला लागली. “अहो, एवढं काय त्यात. शिक्क्यावाला एक घेऊ. ते पालथा करतील, शिक्का दिसेल, संपलं.”

“शिक्क्यात काय आहे ते बघितलंस ना?”

“मग तो तीन पायांचा घेऊ.”

“तो कानशीचा आहे.”

“मग हिने सांगितलेला एखादा घेऊ.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे व्हर्नियरही नव्हता आणि मतही नव्हतं. सकाळी मला हाताचे आणि मशीनचे असे दोन प्रकार माहीत होते. आता मला फक्त घोडे दिसत होते. शिक्षण घेऊन एवढं गोंधळण्यापेक्षा काकूंचा कान बरा, असंही मनात येऊन गेलं.

भिंतीवर एक पाटी होती, पर्यटकांसाठी: ‘स्वतः घडवा, घरी न्या’. बाबा ती वाचत होते. मी त्यांच्या आधी वाचली होती आणि देवाजवळ प्रार्थना करत होते की त्यांना चष्म्याशिवाय दिसू नये.

“आपला हात जगन्नाथ,” बाबा म्हणाले.

“कुणाचा हात?” आईने विचारलं. “घरात खिळा मी ठोकते. बाटलीचं झाकण मी उघडते. तुम्ही मागच्या वर्षी बल्ब बदललात तेव्हा वायरमन बोलवावा लागला.”

पण बाबांनी बाह्या वर केल्या होत्या. मास्तरांनी पर्यटकांसाठीचा एक तुकडा पुढे केला. त्याला आधीच मान, पाय आणि पाठ कापून दिलेली असते, पर्यटकाने फक्त घासायचं आणि फोटो काढून घ्यायचा.

“हे कोणी कापलं?” बाबांनी विचारलं.

मास्तरांनी बंद दाराकडे बघितलं नाही, आणि त्यावरूनच कळलं.

“मला अख्खा ठोकळा द्या.”

“साहेब, अंधार पडेल.”

“पडू दे.”

पुढच्या गोष्टी मी जवळून पाहिल्या, पण क्रम लावू शकत नाही. ठोकळ्यातून सुरुवातीला जे बाहेर आलं ते पोत्यासारखं होतं. मग त्याला पाय फुटले आणि तो पाणघोडा झाला. मग बैल. मधेच थोडा वेळ त्यात घोडा दिसला. आई “थांबा, आता हात लावू नका” असं म्हणेपर्यंत बाबांनी मान आणखी बारीक केली आणि मग ते मेंढीच्या दिशेने निघालं. सजीवांची उत्क्रांती पुढे जाते असं मी शिकले होते. ती मागेही जाते, बाजूलाही जाते आणि मधे मधे चिकटपट्टी मागते. पहिली पट्टी अंगठ्याला, दुसरी तर्जनीला, तिसरी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला. “हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच,” आई पट्टी लावता लावता म्हणाली. पण फुंकर तिने सावकाश घातली.

मास्तर सुरुवातीला सूचना देत होते. मग त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. शेवटी बाबांनी वस्तू फडक्याने पुसून पुढे धरली, तेव्हा मास्तर म्हणाले, “छान. फक्त माझ्याकडे केला असं कुणाला सांगू नका.”

हॉटेलवर आईने शेवटचा प्रयत्न केला. “अहो, हे द्यायचं? ही दाखवायची वस्तू आहे की लपवायची? दुकानातला एखादा बरोबर असू द्या.”

“कुठला? हाताचा कुठला ते सांग, आत्ता जाऊन घेतो.”

आईने तो घोडा आपल्या मऊ शालीत गुंडाळून बॅगेत ठेवला. फोनवर काकू म्हणाल्या, “घोडामैदान जवळच आहे. पण कान आतून खडबडीत आहेत ना?” कानाला आत नव्हतंच. बाबा तिथवर पोचलेच नव्हते.

दुर्बिणीच्या घरी आम्ही चौघं गेलो. दादाने नवा शर्ट घातला होता आणि त्याला वाटेत कोणीच काही दाखवलं नव्हतं. चहा आला. होणारी वहिनी दाराशी उभी होती. बाबांनी शाल उलगडली आणि घोडा टेबलावर ठेवला. घोडा एका बाजूला कलला, विचार केल्यासारखा थांबला आणि परत दुसऱ्या बाजूला कलला.

दादाने डोळे मिटले.

दुर्बिणीने घोडा उचलला. पालथा केला. बुडाकडे बघितलं, पोटावरून नख फिरवलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. रेघ शोधत होते. रेघा भरपूर होत्या, पण एकीलाही दुसरीची ओळख नव्हती.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“घोडा,” बाबा म्हणाले.

“अच्छा.” त्यांनी तो पुन्हा सरळ केला. “साच्यातला नाही.”

“नाही,” आई म्हणाली. “असा साचा कोणी करणार नाही.”

“कारागीर कोण?”

“नवीन आहे,” आई म्हणाली.

“दिसतंय. पहिलंच काम असावं.”

“शेवटचंही,” आई म्हणाली.

घोडा ठेवल्यापासून बाबांचे हात टेबलाखाली होते आणि चहा थंड होत होता. वहिनी पुढे झाली आणि सहज म्हणाली, “काका, चहा घ्या ना,” आणि तिने कप थेट त्यांच्यासमोर धरला. होणाऱ्या सुनेने समोर धरलेला कप नाकारता येत नाही. बाबांनी दोन्ही हात वर काढले.

दुर्बीण त्या चिकटपट्ट्यांकडे बघत राहिले. मग घोड्याकडे. मग परत पट्ट्यांकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच वाचता येईना.

“भूल न देता केलंत?” त्यांनी विचारलं.

“कोणाला?” बाबा म्हणाले.

दुर्बिणीच्या घशातून एक आवाज निघाला. तो खोकला आहे की हसू हे त्यांच्या मुलीलाही कळलं नसावं, कारण ती पाणी आणायला वळली आणि मग थांबली. ते उठले, बैठकीच्या कपाटाची काच सरकवली, वरच्या फळीवरच्या दोन वस्तू बाजूला केल्या आणि मधे घोडा ठेवला. घोडा लगेच डावीकडे कलला.

“डुलतोय,” ते म्हणाले. “असं चालायचं नाही. येणारेजाणारे बघणार. खाली चकती बसवावी लागेल.”

“तारखेचं...” दादा म्हणाला. हा त्याचा त्या भेटीतला पहिलाच शब्द होता.

“बोलतो ना. कॅलेंडर आणायला सांगतो. आधी हे होऊ दे.” त्यांनी मुलीकडे हात केला. “फूटपट्टी आण गं. आणि कॅलेंडरही घेऊन ये, एकदमच.”

वहिनी दोन्ही घेऊन आली. दुर्बिणीने कॅलेंडर न बघता दादाकडे दिलं. मग ते गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला आणि फूटपट्टी फळीवर उभी धरली. बाबा कप ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन वाकले आणि घोडा दोन बोटांनी सरळ धरून ठेवला.

मागचा डावा पाय चार मिलिमीटर आखूड होता.